रोगप्रतिकार आणि गुणरक्षण : भिवापूरच्या मिरचीवरून वैदर्भीय पीकसुधारणेचा एक विचार

१. प्रश्नाचे स्वरूप

नागपूरहून उमरेडमार्गे नागभीडकडे जाणाऱ्या वाटेवर भिवापूर हे तालुक्याचे गाव लागते. विदर्भाच्या कृषिभूगोलात या गावाचे स्थान सीमेवरचे आहे. त्याच्या पश्चिमेस कापूस व ज्वारी पिकविणारा काळ्या मातीचा प्रदेश पसरलेला असून पूर्वेस वैनगंगेच्या खोऱ्यातील धानाचा मुलूख सुरू होतो. या दोन पीकप्रदेशांच्या सांध्यावर मिरचीचे पीक रुजले, त्याची बाजारपेठ भिवापुरास वाढली, आणि ज्या खळ्यांवर वाळलेल्या मिरचीचे देठ खुडून तिची प्रतवारी होते ते ‘सातरे’ या भागातील अनेक मजूर स्त्रियांच्या हंगामी उपजीविकेचे साधन झाले. २०१६-१७ या वर्षात ‘भिवापूर मिरची’ या नावाची भौगोलिक निर्देशांक म्हणून नोंदणी झाली. तथापि ज्या स्थानिक वाणामुळे हे नाव प्रसिद्धीस आले त्याची शिवारातील जागा तोपर्यंत संकरित वाणांनी बऱ्याच अंशी घेतलेली होती. नावाला कायद्याचे संरक्षण मिळावे आणि त्याच वेळी त्या नावाचे बियाणे मागे पडत जावे, हा योगायोग नव्हे. त्याची कारणे मिरचीच्या इतिहासात जेवढी आहेत, त्याहून अधिक विदर्भातील पीकसुधारणेच्या दीडशे वर्षांच्या इतिहासात आहेत.

‘सुधारलेले वाण’ हा शब्दप्रयोग कृषिखात्याच्या अहवालांतून सर्वत्र आढळतो. परंतु सुधारणा कोणत्या गुणाची आणि कोणाच्या मापाने, हा प्रश्न त्यात अध्याहृतच राहतो. अधिक उतारा, रोगाला तोंड देण्याची शक्ती, धाग्याची लांबी, फळाचा रंग हे सर्व गुण एकाच वाणात एकत्र येणे दुर्मिळ असते, आणि त्यांपैकी कशाला अग्रक्रम द्यावयाचा हे बहुधा बाजार, शासन व शेतकरी यांच्या ओढाताणीतून ठरते. ही ओढाताण विदर्भात प्रथम कापसाच्या बाबतीत झाली. यास्तव मिरचीकडे वळण्यापूर्वी कापसाचा विचार करणे क्रमप्राप्त आहे.

२. बनीचा लोप

नागपूरचे भोसल्यांचे राज्य १८५४ मध्ये खालसा झाले आणि १८६१ मध्ये मध्य प्रांताची रचना झाली. त्याच वर्षी अमेरिकेत यादवी युद्ध सुरू होऊन लँकेशायरच्या गिरण्यांना होणारा कापसाचा पुरवठा खंडित झाला, आणि हिंगणघाटच्या पेठेत येणाऱ्या ‘बनी’ कापसाकडे इंग्रज व्यापाऱ्यांचे लक्ष वेधले गेले. बनी हा देशी जातीचा, तलम व त्या मानाने लांब धाग्याचा कापूस होता. उमरेडसारख्या गावांतील कोष्टी विणकरांना बारीक सुताचे महत्त्व ठाऊक होते. परंतु बनीत रुईचे प्रमाण थोडे असे. शंभर भार कापूस पिंजला असता सुमारे एक-चतुर्थांश एवढीच रुई हाती येई आणि उरलेले वजन सरकीचे असे. त्याच्या उलट ‘जरी’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या आखूड धाग्याच्या मिश्र कापसात रुईचा उतारा अधिक पडे व पीकही लवकर येई.

१८६६ च्या सुमारास मध्य प्रांत व वऱ्हाड यांसाठी कापूस आयुक्ताचे स्वतंत्र पद निर्माण होऊन त्यावर रिव्हेट-कार्नक यांची नेमणूक झाली. हिंगणघाटचे शुद्ध बी राखणे व जरीची भेसळ रोखणे हा त्यांच्या कामाचा महत्त्वाचा भाग होता. १८६७ मध्ये रेल्वे नागपुरास पोचली, आणि १ जानेवारी १८७७ रोजी जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल नागपुरात सुरू झाली. तलम कापसाला घरचे गिऱ्हाईक मिळण्यास अशी परिस्थिती अनुकूल दिसत होती. प्रत्यक्षात मात्र घडले ते निराळेच. जिनिंगच्या कारखान्यांत वेगवेगळ्या शेतकऱ्यांचा कापूस एकत्र पडू लागला व त्यातून निघणारी सरकी एकत्रच बियाणे म्हणून परत शेतात गेली. जे काम पूर्वी घरच्या चरकीवर होत असल्यामुळे वाण आपोआप वेगळे राहत, ते काम कारखान्यात गेल्याबरोबर वाणांची सरमिसळ हाच नियम झाला. व्यापारातही चांगल्या धाग्याला मिळणारा जादा भाव रुईच्या कमी उताऱ्याची भरपाई करण्याइतका क्वचितच असे.

विसाव्या शतकाच्या आरंभी मध्य प्रांताच्या कृषिखात्याने या वस्तुस्थितीचा स्वीकार केला. डी. क्लाउस्टन यांच्या कारकीर्दीत झालेल्या तुलनात्मक लागवडींत पांढऱ्या फुलाचा ‘रोझियम’ हा प्रकार शेतकऱ्याला सर्वांत फायदेशीर ठरला. त्याचा धागा आखूड व खरबरीत असून तो जाड सुताच्याच उपयोगी होता. परंतु त्याचा रुईचा उतारा चाळीस टक्क्यांच्या जवळपास जाई. खात्याने त्याचे निवडक बियाणे वाटले. यात खात्याची चूक होती असे सरसकट म्हणता येणार नाही, कारण शेतकऱ्याला तोट्यात ढकलून गिरणीचे हित साधणे न्याय्य झाले नसते. पण इतिहासाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट अशी की, बनी हा वाण कोणत्याही रोगाने नाहीसा केला नाही. त्याच्या गुणाचे मोल बाजाराने दिले नाही, म्हणून तो मागे पडला.

३. मर रोग आणि प्रतिकाराची शास्त्रीय कल्पना

याच सुमारास रोगप्रतिकाराचा विचार शास्त्रीय पायावर उभा राहत होता. मेंडेलचे नियम १९०० मध्ये पुन्हा प्रकाशात आल्यानंतर केंब्रिज येथे रोलंड बिफेन यांनी १९०५ मध्ये गव्हाच्या पिवळ्या तांबेऱ्याला होणारा प्रतिकार हा आनुवंशिक गुण असून तो मेंडेलच्या नियमांप्रमाणे पुढील पिढ्यांत उतरतो असे दाखविले. अमेरिकेत डब्ल्यू. ए. ऑर्टन यांनी त्यापूर्वीच मर रोगाने उजाड झालेल्या कापसाच्या शेतांतून तगलेली झाडे निवडून प्रतिकारक वाण तयार करण्यास आरंभ केला होता.

मर हा विदर्भ व खानदेशातील देशी कापसाचा जुना शत्रू. फ्युझॅरियम वर्गातील बुरशी जमिनीत राहते, मुळावाटे झाडात शिरते व पाणी वाहून नेणाऱ्या नलिका बंद करते. हिरवे झाड पाहता पाहता मान टाकते. या बुरशीचा विशेष असा की ती देशी जातींवर पडते, पण अमेरिकन जातीच्या कापसाला तिच्यापासून सहसा उपद्रव होत नाही. छोटा नागपूरकडून आणलेला ‘बुरी’ हा अमेरिकन जातीचा कापूस मध्य प्रांतात मरग्रस्त जमिनींसाठी योग्य ठरला, तो याच कारणाने.

देशी जातींत प्रतिकार निर्माण करणे हे काम अधिक बिकट होते. शेतात रोगाची बुरशी सर्वत्र सारखी पसरलेली नसते. त्यामुळे जगलेले झाड खरोखर प्रतिकारक आहे की केवळ निरोगी मातीत उभे असल्यामुळे बचावले आहे, हे ओळखता येत नाही. ही अडचण दूर करण्याचे श्रेय पुण्याचे वनस्पतिरोगशास्त्रज्ञ बी. एन. उप्पल व त्यांचे सहकारी यांच्या १९३० नंतरच्या कामाकडे जाते. मुद्दाम रोगट केलेल्या मातीत व रोगाला पोषक अशा नियंत्रित तापमानात रोपे वाढवून त्यांनी प्रत्येक झाडाला रोगाशी सामना करावयास लावले. जे टिकले त्याची संतती पुन्हा त्याच कसोटीला लावली. नुसते बचावणे आणि प्रतिकार करणे यांतील भेद अशा रीतीने प्रथमच स्पष्ट झाला. खानदेशात ‘जरीला’ व पुढे ‘विरनार’, तर वऱ्हाडात ‘व्हेरम ४३४’ हे मररोगाला तोंड देणारे वाण याच काळातील आहेत. रोझियमच्या मानाने त्यांचा धागाही बरा होता.

या यशामागील संस्थात्मक व्यवस्था विशेष ध्यानात घेण्याजोगी आहे. १९१७ ते १९१९ या काळात काम केलेल्या कापूस समितीच्या शिफारशीवरून १९२१ मध्ये भारतीय मध्यवर्ती कापूस समिती स्थापन झाली आणि १९२३ च्या उपकर कायद्याने तिला कापसाच्या प्रत्येक गाठीमागे निधी मिळू लागला. संशोधनाचा खर्च व्यापाराने उचलावा, असे हे तत्त्व होते. त्याच वर्षी झालेल्या कापूस वाहतूक कायद्याने चांगल्या धाग्याच्या प्रदेशात हलका कापूस आणण्यास बंदी घालण्याची तरतूद केली. म्हणजे एखाद्या मुलखाच्या मालाची कीर्ती ही केवळ व्यापाऱ्याची मालमत्ता नसून तिच्या मागे शुद्ध बियाण्याची भौगोलिक चौकट लागते, ही जाणीव त्या काळच्या कायद्यातही उमटली होती. ही समिती १९६६ मध्ये विसर्जित झाली.

४. जाती बदलल्या, शत्रूही बदलले

स्वातंत्र्याच्या वेळी देशातील बहुतेक सर्व कापूसक्षेत्र देशी जातींखाली होते. पुढील काळात मात्र अमेरिकन जातीचा प्रसार वाढत गेला. १९७० मध्ये सुरत येथे सी. टी. पटेल यांनी ‘एच-४’ हा व्यापारी लागवडीचा पहिला संकरित कापूस दिला. १९६९ मध्ये अकोल्यास कृषिविद्यापीठ व १९७६ मध्ये नागपुरास केंद्रीय कापूस संशोधन संस्था स्थापन झाली. विदर्भाचे शेत झपाट्याने संकरित अमेरिकन कापसाने व्यापले गेले.

या बदलाचे दोन परिणाम झाले. अमेरिकन जातीला जुना मर रोग बाधत नसल्यामुळे त्याचा प्रश्न आपोआप मागे पडला. परंतु ही जात रसशोषक किडी व बोंडअळ्या यांना देशी जातीपेक्षा अधिक बळी पडणारी असल्यामुळे एका शत्रूच्या जागी दुसरा उभा राहिला आणि कीटकनाशकांवरील खर्च वाढत गेला. दुसरे असे की, संकरित बियाणे पुढील वर्षी पेरता येत नाही. पहिल्या पिढीचे एकरूप गुण दुसऱ्या पिढीत विखुरतात. त्यामुळे बियाणे ही घरात राखण्याची वस्तू न राहता दरसाल विकत घेण्याची वस्तू झाली.

२६ मार्च २००२ रोजी केंद्र शासनाच्या जनुकीय अभियांत्रिकी मान्यता समितीने बोंडअळीला मारक प्रथिन तयार करणाऱ्या तीन बीटी संकरित वाणांना परवानगी दिली. मातीतील ‘बॅसिलस थुरिंजिएन्सिस’ या जिवाणूचे जनुक कापसात घातलेले असल्यामुळे वनस्पती स्वतःच आपले संरक्षण करील, अशी ही योजना होती. २००६ मध्ये दोन जनुकांचे वाण आले. काही वर्षांतच देशातील बहुतांश कापूसक्षेत्र बीटी संकरितांखाली गेले, आणि आरंभीच्या काळात बोंडअळीवरील फवारण्या खरोखरच कमी झाल्या.

पण मर रोगाच्या काळात शास्त्रज्ञांना जो धडा मिळाला होता, तो येथे निराळ्या रूपाने पुढे आला. प्रतिकार हा केवळ वनस्पतीचा गुण नाही. वनस्पती व तिचा शत्रू यांच्यातील तो एक चालू व्यवहार आहे. सतत एकाच विषाला सामोरी जाणारी अळी स्वतःही बदलते. पहिल्या जनुकाविरुद्ध गुलाबी बोंडअळीत निर्माण झालेली सहनशक्ती २००८ मध्ये गुजरातेत गोळा केलेल्या नमुन्यांत आढळली, २०१५ च्या सुमारास दोन जनुकांचे वाणही तिला रोखू शकत नाहीत असे दिसून आले, आणि २०१७ च्या हंगामात विदर्भासह महाराष्ट्रातील कापसाची मोठी हानी झाली. अळीत विषाला न जुमानणारी संतती वाढू नये म्हणून बीटी नसलेल्या झाडांचा पट्टा शेताभोवती लावावा, असा नियम होता. लहान धारणेच्या शेतकऱ्यांकडून तो फारसा पाळला गेला नाही. शिवाय भारतात हे जनुक सरळ वाणांत न येता संकरित वाणांत आले, आणि संकरिताच्या बोंडांतील काही सरक्यांमध्ये पृथक्करणामुळे जनुक उतरत नसे. अशा बोंडात अळीला विषारी व निर्विष दोन्ही प्रकारचे दाणे मिळत. लांब मुदतीच्या पिकामुळे हिवाळाभर अळीला खाद्य मिळत राहिले, ते वेगळेच.

५. मिरची : शासकीय लक्षाच्या कडेला असलेले पीक

कापसाशी तुलना केली असता मिरचीच्या वाट्याला आलेली संशोधनव्यवस्था फारच तोकडी होती. मूळ मेक्सिकोकडील हे पीक सोळाव्या शतकात पोर्तुगीजांबरोबर भारतात आले आणि तीन-चार शतकांत गावोगावच्या निवडीतून त्याचे असंख्य स्थानिक प्रकार तयार झाले. या प्रकारांचे पहिले पद्धतशीर वर्गीकरण बिहारमधील पुसा येथील शाही कृषिसंशोधन संस्थेत शॉ व खान यांनी १९२८ मध्ये प्रसिद्ध केले. तेथेच आर. बी. देशपांडे यांनी १९३३ ते १९३५ या काळात मिरचीतील विविध गुणांच्या आनुवंशिकतेचा अभ्यास प्रसिद्ध करून तिखटपणा हा प्रभावी गुण असल्याचे सिद्ध केले. याच परंपरेतील ‘एन. पी. ४६-अ’ या निवडीचा ‘पुरी रेड’शी संकर करून पुढे ‘पुसा ज्वाला’ हा प्रसिद्ध वाण निघाला. पंजाब कृषिविद्यापीठाच्या ‘पंजाब लाल’मध्ये विषाणुरोगांचा प्रतिकार आणला गेला.

भिवापूरच्या शेतकऱ्याला ज्या रोगांनी हैराण केले त्यांत ‘चुरडा-मुरडा’ अथवा ‘बोकड्या’ हा अग्रगण्य होय. पाने आखडतात, कडा वर किंवा खाली वळतात, झाड खुजे राहते व फूलधारणा थांबते. या एकाच नावाखाली प्रत्यक्षात अनेक कारणे लपलेली आहेत. पांढऱ्या माशीने पसरविलेला विषाणू, फुलकिडे व कोळी यांपैकी कोणीही हे लक्षण निर्माण करू शकते. म्हणूनच एका जनुकाने सुटणारा हा प्रश्न नाही. २०२१ मध्ये बाहेरून आलेल्या फुलकिड्याच्या एका नव्या जातीने आंध्र, तेलंगण व कर्नाटकातील मिरचीचे केलेले अतोनात नुकसान हे त्याचे अलीकडील उदाहरण आहे. याखेरीज फळकूज, फांदीमर व मुळांचे रोग आहेतच.

अशा स्थितीत अधिक उत्पन्न व काही रोगांना सहनशीलता देणारी खाजगी संकरित बियाणी शेतकऱ्याने स्वीकारली, हे स्वाभाविक होते. रोझियम स्वीकारणाऱ्या त्याच्या पूर्वजाप्रमाणेच त्याने आपल्या खर्चाचा हिशोब केला. जनुकीय अभियांत्रिकीचा मार्ग मिरचीपुरता अद्याप फारसा चोखाळला गेलेला नाही. चीनने १९९८ च्या सुमारास विषाणुरोधक भोपळी मिरचीला मान्यता दिली होती, परंतु भारतात असा कोणताही मिरचीचा वाण संमत झालेला नाही. प्रयोगशाळेत एका पेशीपासून पूर्ण झाड वाढविण्यास मिरची फारशी दाद देत नाही, ही त्यातील तांत्रिक अडचण आहे.

येथे एका विलक्षण गोष्टीची नोंद करणे आवश्यक आहे. संकरित मिरचीचे बियाणे स्वस्तात तयार करण्यासाठी जी नरवंध्य मातृवंशावळ वापरली जाते, तिचा शोध पीटरसन यांनी १९५८ मध्ये अमेरिकेत लावला, आणि ज्या नमुन्यात ती सापडली तो भारतातून नेलेल्या मिरचीचा होता. तसेच २०१४ मध्ये मिरचीच्या संपूर्ण जनुकसंचाचे वाचन झाले तेव्हा त्यासाठी निवडलेली एक मिरची म्हणजे मेक्सिकोच्या मोरेलोस प्रांतातील स्थानिक वाण होता. मुळकुजेला कारणीभूत होणाऱ्या रोगजंतूला तो उत्कृष्ट प्रतिकार करतो, म्हणूनच शास्त्रज्ञांना तो मोलाचा वाटला. जगातील आधुनिक मिरचीशास्त्राचे दोन्ही आधारस्तंभ अशा रीतीने अनामिक शेतकऱ्यांनी राखलेल्या स्थानिक बियाण्यांतून आलेले आहेत. स्थानिक वाण हा जुनेपणाचा अवशेष नसून उद्याच्या रोगाविरुद्धचा साठा आहे, हे याहून स्पष्टपणे सांगता येणार नाही.

६. नाव आणि बियाणे

१९९९ चा भौगोलिक निर्देशांक कायदा २००३ मध्ये अमलात आला. तो विशिष्ट प्रदेशातील मालाच्या नावाचे रक्षण करतो. दुसऱ्या मुलखातील मिरची ‘भिवापूर मिरची’ म्हणून विकता येणार नाही, एवढी हमी त्यातून मिळते. परंतु ते बियाणे कोणी वाढवावे, शुद्ध कसे ठेवावे, त्याचा रोगप्रतिकार कसा वाढवावा, याचे उत्तर त्यात नाही. २००१ च्या पीकवाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्यान्वये शेतकऱ्यांच्या वाणाची नोंदणी होऊ शकते. पण त्यासाठी वाणाचे वेगळेपण, एकरूपता व स्थैर्य दाखवावे लागते, आणि त्यासाठी आधी शुद्ध बी हवे.

मिरचीच्या बाबतीत शुद्ध बी राखणे कापसापेक्षाही अवघड आहे. फूल स्वतःच्या परागाने फळू शकत असले तरी मधमाश्यांमुळे परपरागणाचे प्रमाण मोठे असते. म्हणून बीजप्रमाणीकरणाच्या नियमांनुसार पायाभूत बियाण्याच्या शेतापासून दुसऱ्या वाणाची मिरची ४०० मीटर व प्रमाणित बियाण्यापासून २०० मीटर दूर असावी लागते. दोन-चार एकरांच्या धारणेत एकट्या शेतकऱ्याला हे अंतर राखणे अशक्य आहे. त्याने घरचे बी कितीही निगुतीने निवडले तरी शेजारच्या संकरित मिरचीचा पराग त्यात मिसळतोच. बनीच्या काळी जिनिंगच्या कारखान्याने जी सरमिसळ केली, तीच येथे मधमाशी करते. भिवापुरी मिरचीचे शुद्ध बियाणे राखावयाचे तर त्यासाठी एकेका शेताने नव्हे, तर सलग शिवाराने एकत्र येऊन एकच वाण लावण्याचे ठरविले पाहिजे, आणि अशा शिवाराला त्याच्या मालाचा वेगळा भाव मिळाला पाहिजे.

विदर्भाचा इतिहास या दोन्ही अटींचे महत्त्व पटवून देतो. बनीला कापूस आयुक्ताचे संरक्षण लाभूनही भावाचे पाठबळ मिळाले नाही, आणि ती गेली. मररोधक वाण यशस्वी झाले ते उपकरातून उभ्या राहिलेल्या दीर्घकालीन संशोधनामुळे. बीटी कापसाचा प्रतिकार क्षीण झाला, कारण ज्या सामूहिक शिस्तीवर तो अवलंबून होता ती बियाण्याच्या पिशवीबरोबर विकता येण्यासारखी नव्हती. भिवापूरच्या मिरचीला आज यांपैकी एकच गोष्ट लाभली आहे, ती म्हणजे नाव. त्या नावाच्या मागे रोगट मातीतील कसोटी, स्थानिक वाणाची निवड, प्रतिकारक वंशांशी त्याचा विचारपूर्वक संकर व पुन्हा मूळ गुणाकडे परतणारी निवड हे सर्व काम व्हावयाचे आहे. विद्यापीठांतील तरुण संशोधकांना हा विषय हाताच्या अंतरावर आहे. तो वेळीच हाती घेतला गेला नाही, तर पुढील पिढीच्या इतिहासकाराला भिवापुरी मिरचीचे नाव नोंदवहीत सापडेल आणि तिचे बी मात्र बनीप्रमाणेच केवळ अहवालांत शोधावे लागेल.